आंब्याच्या पेट्या, पंच्याऐंशी हजारांचं ॲप आणि ३७ डाउनलोड

रायवळ | १४ जून २०२५, रात्री ९:४०

बाग रिकामी झाली, पाऊस लागला, हिशेबाची वही उघडली आणि एक आकडा डोळ्यात खुपला. तो इथे मांडतो. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग सल्ला द्या.

रत्नागिरी तालुक्यात आमची वडिलोपार्जित बाग आहे, हापूसची २४० झाडं. आजोबांपासून माल वाशीला जायचा. ट्रक भरून दिला की काही दिवसांनी पट्टी यायची. हमाली, तोलाई, भाडं, आडत वजा होऊन खाली जो आकडा उरेल तो निमूट घ्यायचा. २०२० च्या एप्रिलात लॉकडाऊनमुळे हे सगळंच विस्कटलं. आंबा झाडावर आणि मार्केट आज चालू तर उद्या बंद. त्या वर्षी पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांनी एकगठ्ठा मागणी नोंदवून बागायतदारांकडून थेट आंबा उचलला, पणन मंडळानेही जुळवाजुळव करून दिली. माझ्या मावसभावाने त्याच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा नंबर टाकला आणि पहिल्याच रात्री ४६ पेट्यांची नोंद झाली. तोपर्यंत फोन म्हणजे माझ्या लेखी गड्यांना हाका मारायचं साधन होतं.

तिथून पाच वर्षांत ३८० घरं जोडली गेली. व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲप घेतलं, फुकट आहे. कॅटलॉगमध्ये चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी पेटीचे फोटो टाकले. लेबलं लावली: 'पैसे आले', 'पेटी निघाली', 'तक्रार' आणि 'नातेवाईक (पैसे विसरा)'. छान चाललं होतं.

मग गेल्या दिवाळीत एका ओळखीच्याच्या ओळखीने एक कंपनीवाला भेटला. म्हणाला, व्हॉट्सॲपवर आंबे कोणीही विकतं, ब्रँड व्हायचं तर स्वतःचं ॲप हवं. मलाही वाटलं, आपल्या बागेचं चिन्ह लोकांच्या फोनवर दिसेल. (चिन्ह सुंदर झालं, खोटं कशाला बोलू.) पंच्याऐंशी हजार मोजले. पेटी कुठवर पोचली ते दिसणार, जुन्या गिऱ्हाइकांना गुण मिळणार, बागेचे फोटो असणार.

हंगाम संपला. डाउनलोड ३७. त्यातले ११ नातेवाईक, ४ त्या कंपनीच्याच ऑफिसातले, १ मी. ॲपवरून आलेल्या ऑर्डरी ९, आणि त्यातल्याही दोघांनी लगेच फोन करून विचारलं, "ॲपवर टाकलंय हो, पोचलं का?"

आता दुसऱ्या वर्षाच्या देखभालीचे २४,००० मागताहेत. भरू का? की माझंच काही चुकलं आणि नीट जाहिरात केली असती तर ॲप चाललं असतं? धंदेवाल्यांनी आणि संगणकवाल्यांनी, दोघांनीही सांगा.

काकूबाई | १४ जून २०२५, रात्री १०:०५

मी तुमची गिऱ्हाईक नाही, पण पार्ल्यात राहते आणि आंबे दरवर्षी घेते, म्हणून बोलायचा हक्क आहे.

माझ्या फोनवर बँकेचं ॲप आहे, विजेच्या बिलाचं आहे, गॅसचं आहे, रेल्वेचं आहे, दोन किराणावाल्यांची आहेत, आणि नातवाने टाकलेलं कुठलं तरी फुगे फोडायचं आहे. दर पंधरा दिवसांनी फोन ओरडतो, जागा संपली. मग मी चष्मा लावून बसते आणि कशाकशाला नारळ द्यायचा ते बघते. एप्रिल-मेमध्येच उपयोगी पडणारं ॲप जूनमध्ये राहील का हो माझ्याकडे? आणि आंबेवाल्याला मला विचारायचं असतं, "यंदा गोड आहे का खरंच, आणि आजच तयार दोन डझन मिळतील का? व्याही यायचेत." हे कुठल्या बटणावर विचारू?

कोडगा | १४ जून २०२५, रात्री ११:२०

पुण्यात ॲप बनवण्याचंच काम करतो, म्हणजे माझ्या पोटावर पाय आणून लिहितोय याची नोंद घ्यावी.

रायवळभाऊ, पंच्याऐंशी हजार हा आकडा फार वाटला तरी कामाच्या मानाने अवाजवी नाही. तुम्हाला जे सांगितलं गेलं नाही ते असं, की ॲप म्हणजे दावणीला बांधलेली गाय. दूध देवो न देवो, वैरण घालावीच लागते. गूगल प्ले स्टोअरचं खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात, ॲपलला दर वर्षी ९९ डॉलर. पण खरा खर्च त्यानंतरचा. गूगल दर वर्षी नियम पुढे सरकवतं. ॲप अमुक नव्या अँड्रॉइडला जुळवून घ्या, नाही घेतलं तर नवे फोन घेणाऱ्यांना ते स्टोअरमध्ये दिसतच नाही. म्हणजे तुम्ही काहीही बदललं नाही तरी ॲप आपोआप जुनं होतं. २४,००० त्यासाठीच मागत असतील. त्यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही.

दुसरं म्हणजे नोटिफिकेशन. ॲपवाले कायम सांगतात, "गिऱ्हाइकाला फुकटात निरोप पाठवता येतो." २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ आलं, तेव्हापासून नव्या ॲपला निरोप पाठवायच्या आधी परवानगी मागावी लागते. आयफोनवर ती आधीपासूनच होती. आणि आपण सगळे त्या चौकटीवर काय दाबतो ते सांगायला नको. तुमच्या ३७ मधून नातेवाईक वगळा, मग परवानगी दिलेले किती उरले ते कंपनीला विचारा. आकडा कळला की जेवून घ्या, मगच इथे लिहा.

२००८ च्या जुलैत ॲपलचं स्टोअर उघडलं तेव्हा त्यात साधारण ५०० ॲप्स होती. तेव्हा ॲप असणं हीच जाहिरात होती. आता ज्या गिऱ्हाइकाला तुम्ही ॲप डाउनलोड करायला लावता, त्याला आंबा विकण्याइतकीच मेहनत ॲप विकायला लागते. एका हंगामात दोन माल कशाला विकता?

शंकासुर | १५ जून २०२५, सकाळी ७:१५

धागा जाहिरातीचा वाटतो. "खोटं कशाला बोलू" म्हणणारे बहुधा... असो. पेटीचा भाव काय?

व्यवस्थापक | १५ जून २०२५, सकाळी ८:००

भाव, फोन नंबर आणि लिंक धाग्यात देऊ नये. विषयावर चर्चा चालू द्या.

धार_काढतो | १५ जून २०२५, सकाळी ८:४५

ॲपला सगळेच शिव्या घालताहेत म्हणून उलट बाजू मांडतो. सांगलीत आमचा दुधाचा धंदा आहे, रोज सकाळी साडेअकराशे घरी पिशव्या जातात. तीन वर्षांपूर्वी ॲप केलं आणि ते चालतं. चांगलं चालतं.

का चालतं ते कळायला आम्हालाच सहा महिने लागले. आम्ही त्यात श्रीखंड-पनीरचे फोटो, सणाच्या शुभेच्छा, काय काय घातलं होतं. लोक त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. लोक ॲप उघडतात ते "उद्या दूध नको" सांगायला. आधी त्यासाठी रात्री दहानंतर फोन यायचे, नाहीतर सकाळी पोऱ्याला दारात सांगायचे आणि तो विसरायचा, मग महिनाअखेरीला बिलावरून भांडण. आता रात्री दहापर्यंत बटण दाबलं की पिशवी थांबते आणि पैसे कापले जात नाहीत. पैसे आधी भरलेले असतात, त्यामुळे उधारीची वही गेली. गेल्या तीन वर्षांत बिलावरून एकही गिऱ्हाईक तुटलेलं नाही.

श्रीखंडही खपतं, पण कसं? सुट्टीसाठी दूध थांबवायला आलेला माणूस परतीच्या दिवशी अर्धा किलो टाकून जातो. तो आमच्याकडे रोज येतोच, म्हणून. तुमचं गिऱ्हाईक वर्षातून दीड महिना येतं. गाय तीच, पण तुमच्याकडे रोज धार काढायला काही नाही. २४ हजार भरू नका.

रायवळ | १५ जून २०२५, दुपारी १:३०

@कोडगा, विचारलं. परवानगी दिलेले १४. जेवलो नव्हतो, आता इच्छा नाही.

@धार_काढतो, हे पटलं. गिऱ्हाईक काही रद्द करायला ॲप उघडतं, हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं.

@शंकासुर, हंगाम संपला. बागेत आता फक्त गवत आहे, ते हवं असल्यास घेऊन जा.

खटपट्या | १५ जून २०२५, दुपारी ३:१०

ॲपचं सुतक आटोपलं असेल तर हातात आहे त्याकडे वळू. मी मसाले आणि लोणची विकणाऱ्या पाच-सहा घरगुती धंद्यांचं मोबाइलवरचं काम बघतो.

रायवळराव, तुम्ही ३८० घरं म्हणता. त्यातल्या किती घरांच्या फोनमध्ये *तुमचा* नंबर सेव्ह आहे? हा प्रश्न धंद्याचा कणा आहे. ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज यादीतल्या प्रत्येकाला वेगवेगळा पाठवायची व्हॉट्सॲपची सोय. तिच्यात एका यादीला २५६ नंबर बसतात, म्हणजे तुम्हाला दोन याद्या पुरतील. पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज जातच नाही. आपल्याला वाटतं ३८० जणांना कळवलं, प्रत्यक्षात दीडशे जणांना कळलेलं असतं. मेसेज दाबून धरा, माहिती बघा, किती जणांना पोचला ते तिथे दिसतं.

फेसबुक-इन्स्टाग्रामची जाहिरातही जमते. जाहिरात दाबली की थेट व्हॉट्सॲपवर गप्पा सुरू होतात असा प्रकार निवडा. पाच हजारांची लावली तर १८ टक्के जीएसटी धरून ५,९०० जातात, हे आधीच वहीत लिहा. आणि 'महाराष्ट्र' असं निवडू नका, नाहीतर नांदेडहून चौकशी येईल आणि पेटी पोचवणार कशी? जिथवर तुमची गाडी जाते तेवढाच भाग निवडायचा.

स्टेटसला मात्र तोड नाही. डिसेंबरात मोहोर, जानेवारीत बोराएवढी कैरी, फवारणी, मग झेल्याने आंबा उतरवताना. लोकांना आधीपासून गोष्ट कळत गेली की पाडव्याला भाव सांगताना घासाघीस कमी होते. हा माझा अनुभव.

एक विचारतो. ग्रुप का नाही केला तुम्ही? सोपं पडलं असतं.

रायवळ | १५ जून २०२५, रात्री ९:००

केला होता ना. २०२२ मध्ये, २१२ जणांचा. ती कथा सांगतोच.

हापूसला साका धरतो, माहीत असेल. बाहेरून फळ अगदी देखणं, कापलं की आत पांढरट, चिवट गर. कापल्याशिवाय कळत नाही, माझ्या बापालाही कळायचं नाही. तर मे महिन्यात एका बाईंनी ग्रुपवर कापलेल्या आंब्याचा फोटो टाकला, खाली फक्त "????". मी बागेत होतो, रेंज नाही. तासाभराने फोन बघितला तर १४ जणांनी "आमच्याकडेही" लिहिलेलं. एकाने कार्बाइडवर तीन परिच्छेद लिहिले होते. एकाने दुसऱ्या बागायतदाराचा नंबर देऊन टाकला होता! रात्री प्रत्येकाला वेगवेगळा फोन केला, तेव्हा खरोखर खराब फळ मिळालेले तिघे निघाले. बाकीचे "तसं नाही हो, पण सगळे लिहीत होते म्हणून."

तिघांना नवी पेटी पाठवली, ग्रुप बंद केला. तक्रार माझ्यापाशी आली तर एक पेटी जाते, चव्हाट्यावर आली तर हंगाम जातो.

आणि आता विषय निघालाच आहे तर दुसरं पापही कबूल करतो. २०२३ मध्ये कोणीतरी एक सॉफ्टवेअर विकलं, "एका क्लिकवर पाच हजार व्हॉट्सॲप", सोबत पुण्यातल्या पाच हजार नंबरांची यादी फुकट. दोन हजार सातशे रुपये. पाडव्याच्या आदल्या रात्री लावलं. पहाटे उठून बघतो तर माझाच नंबर बंद! गिऱ्हाइकं, गप्पा, पत्ते, कोणाची किती पेटी, सगळं त्यातच. विनवण्या करून आठ दिवसांनी नंबर परत मिळाला, पण ते आठ दिवस पाडव्याचे होते.

पावती_फाडू | १५ जून २०२५, रात्री १०:३५

नंबर परत मिळाला हे नशीब समजा. बहुतेकांचा जातो तो जातोच.

ती 'फुकट' यादी कुठून येते याचा विचार केलात का? मॉलमध्ये गाडी बक्षीस म्हणून भरलेल्या चिठ्ठ्या, दुकानात बिलाच्या वेळी सांगितलेले नंबर, कुठल्या तरी फ्लॅटच्या चौकशीचे अर्ज. त्या माणसांनी तुम्हाला काहीही विचारलेलं नव्हतं. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, त्यात संमती हाच पाया आहे. यापुढे अशा याद्या घरातही ठेवू नका.

एसएमएसचंही सांगतो, कारण पुढचा सल्ला कोणी ना कोणी तोच देईल. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार जाहिरातीचा एसएमएस पाठवायचा तर डीएलटी नावाच्या यंत्रणेत आधी धंद्याची नोंदणी, मग पाठवणाऱ्याचं सहा अक्षरी नाव, मग मजकुराचा साचा मंजूर करून घ्यायचा. मजकूर साच्याशी जुळला नाही की वाटेतच अडतो. मार्च २०२१ मध्ये ही चाळणी एकदम कडक केली तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले होते आणि नियम काही दिवस मागे घ्यावा लागला होता. आता त्या नावाच्या शेवटी 'पी' असेल तर जाहिरात, 'टी' असेल तर व्यवहाराचा, 'एस' सेवेचा, 'जी' सरकारी. तुमच्या फोनमध्ये बघा. ३८० घरांसाठी एवढा खटाटोप करायचा का, ते तुम्हीच ठरवा.

कोडगा | १५ जून २०२५, रात्री ११:१०

पूरक माहिती. पुढे कधी ३८० ची दोन हजार घरं झाली तर व्हॉट्सॲपचा अधिकृत मार्ग आहे, एपीआयचा, म्हणजे आपल्या सॉफ्टवेअरमधून व्हॉट्सॲप मेसेज पाठवायची सोय. तिथेही साचा मंजूर करून घ्यावा लागतो. येत्या १ जुलैपासून पैसे मेसेजमागे मोजले जाणार आहेत, आपल्याकडे जाहिरातीच्या एका मेसेजला पाऊण रुपयाहून थोडे जास्त. पण गिऱ्हाइकाने स्वतःहून विचारलं, तर त्यानंतरचे २४ तास तुमच्या उत्तरांना पैसे पडत नाहीत. म्हणजे तुम्ही दार वाजवलंत तर पैसे, त्याने हाक मारली तर फुकट. व्हॉट्सॲपची मालक मेटा, तिच्या बाकी गोष्टींबद्दल माझं मत काहीही असो, हा हिशेब मला न्याय्य वाटतो.

जुना_मोबाइल | १६ जून २०२५, सकाळी ६:५०

हाक मारण्यावरून आठवलं. हे आपल्याकडे स्मार्टफोनच्या आधीपासून आहे. मिस्ड कॉल! बाजारात गेलेला नवरा एक मिस्ड कॉल देई, म्हणजे "निघालो". यावरच बंगळुरूच्या झिपडायलने धंदा उभारला. जाहिरातीत नंबर छापायचा, लोकांनी फुकट मिस्ड कॉल द्यायचा, मग कंपनीने उलट मेसेज पाठवायचा. २०१५ च्या जानेवारीत ट्विटरने ती कंपनी विकत घेतली. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं, कॉल फुकट झाले, डेटा स्वस्त झाला आणि मिस्ड कॉलची ती मजा गेली. नोव्हेंबरात नोटबंदी. त्या एका वर्षात आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडे आधी स्मार्टफोन आला, पाठोपाठ क्यूआर कोड.

मुद्दा असा, की तेव्हाही पहिलं पाऊल गिऱ्हाईक टाकायचं.

ताट_वाटी | १६ जून २०२५, दुपारी ४:२०

कोल्हापुरात खानावळ आहे. तुम्ही ३८० नंबर-३८० नंबर करताय, तुमचा हेवा वाटला.

माझ्याकडे एका जेवण पोचवणाऱ्या ॲपवरून चार वर्षांत हजारो ताटं गेली. बिलाचा जवळजवळ चौथा हिस्सा कमिशन, जाहिरात वर दिसायची तर आणखी वेगळं. तेही एकवेळ सोसलं. पण गिऱ्हाईक कोण, हे मला ठाऊकच नाही. रोज रात्री नऊला दोन भाकरी जास्त मागणारा एक माणूस आहे. तीन वर्षं जेवतोय माझ्याकडचं. नाव ना गाव. मध्ये पंधरा दिवस ऑर्डर नव्हती तर बायको म्हणाली, बरं असेल ना त्याला? कोणाला विचारणार?

हे रडगाणं माझ्या एकट्याचं नाही. हॉटेलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये स्पर्धा आयोगाकडे जी तक्रार केली, त्यात कमिशनबरोबर हाही मुद्दा होता, की गिऱ्हाइकाची माहिती आम्हाला दिसत नाही. आयोगाने २०२२ च्या एप्रिलमध्ये चौकशीचा आदेश दिला.

गेल्या वर्षीपासून मी डब्यासोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी घालतो, "उद्या पांढरा रस्सा आहे." नंबर घालत नाही, करारात बसत नाही. नुसतंच कळवतो.

काकूबाई | १६ जून २०२५, सायंकाळी ५:००

अहो ताटवाटी, तो भाकरीवाला परत आला का?

ताट_वाटी | १६ जून २०२५, सायंकाळी ५:३०

आला हो काकू. तीन भाकरी जास्त मागवल्या.

मुक्काम_एडिसन | १६ जून २०२५, रात्री ११:५५

न्यू जर्सीतल्या एडिसनहून. इथला हापूसचा धंदा तर जवळपास पूर्ण व्हॉट्सॲपवर चालतो. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं, अट अशी की विकिरण करून पाठवायचा. लासलगावला आणि वाशीला त्याची केंद्रं आहेत. त्या प्रक्रियेवर देखरेखीला अमेरिकेचा निरीक्षक लागतो. २०२० आणि २०२१ मध्ये तो येऊच शकला नाही, म्हणून दोन वर्षं आंबा नाही. २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला, तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर जो कल्लोळ झाला तसा गणपतीलाही होत नाही.

पद्धत अशी: मार्चमध्ये एक काका गूगल फॉर्म टाकतात, पैसे आधी. मग एका शुक्रवारी रात्री मेसेज येतो, "विमान उतरलं". शनिवारी सकाळी कोणाच्या तरी गराजसमोर गाड्यांची रांग. काकांचं ना ॲप, ना संकेतस्थळ. पण पेटीत दोन फळं वाईट निघाली तर काका पुढच्या वर्षी न विचारता दोन फळं जास्त देतात, आणि हे सगळ्या एडिसनला माहीत आहे.

मला एक भीती सांगायची आहे. आईसाठी ठाण्याला पेटी पाठवावी म्हणून मी इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीवरून आगाऊ पैसे भरले. तीन दिवसांनी ते पानच गायब. फोटो कुठल्या तरी खऱ्या बागेतून उचललेले होते. रायवळ, तुमचे फोटो असे कोणी उचलले तर?

रायवळ | १७ जून २०२५, सकाळी ७:३०

उचलले आहेत. माझ्या चुलत्यांचा पेटी भरतानाचा फोटो मी एका भलत्याच पानावर बघितला, खाली 'अस्सल देवगड'. चुलते आयुष्यात देवगडला एकदाच गेलेत, तेही लग्नाला.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर आहेत. पण फोनच्या पडद्यावर बाहेरच्या राज्यातला आंबा आणि आमचा आंबा सारखाच पिवळा दिसतो. देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने यंदा प्रत्येक फळावर कोडचा स्टिकर आणला, गिऱ्हाइकाने त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की फळ खरं का खोटं ते कळतं. कल्पना चांगली आहे. तरी माझं गिऱ्हाईक मला ओळखतं ते माझ्या आवाजावरून. मी व्हॉइस मेसेज पाठवतो, मागे कोंबडा आरवत असतो. एका गिऱ्हाइकाने तर सांगितलं, कोंबडा ऐकला की पैसे पाठवतो.

ठरलं. २४ हजार भरत नाही. खटपट्यांनी सांगितलेलं बघितलं, शेवटचा मेसेज ३८० पैकी १४६ जणांना पोचला होता. पाच वर्षं मी निम्म्याहून जास्त लोकांशी बोलतच नव्हतो!

शंकासुर | १७ जून २०२५, सकाळी ९:००

कोंबडाही उचलतील.

रायवळ | ८ मार्च २०२६, रात्री ८:१५

धागा वर काढतोय. तुमचा सल्ला घेतला, तर काय झालं ते सांगायला हवं.

ॲप डिसेंबरात बंद केलं. चिन्हाचा मात्र रबरी शिक्का करून घेतला, आता खोक्यावर तोच मारतो. म्हणजे पंच्याऐंशी हजारांचा शिक्का.

गणपतीनंतर रोज सात-आठ घरांना फोन केले. काही विकायचं नव्हतं. "पेटी बरी गेली होती ना? माझा नंबर सेव्ह कराल का?" एवढंच. बायको म्हणाली, येडे झालात. पण निम्म्या लोकांनी मलाच अर्धा तास धरून ठेवलं. कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कोणाची नात जर्मनीला. सतरा जणांनी सांगितलं, आता घेणार नाही, नंबर काढा. काढले. एकाच्या फोनमध्ये माझं नाव 'हापूस महाग' असं निघालं, त्याच्या शेजारणीकडे 'हापूस स्वस्त'. दोघांनाही मी एकच भाव लावतो.

डिसेंबरापासून स्टेटसवर मोहोर टाकतोय. जानेवारीत एक दिवस तुडतुड्याचा फोटो टाकला आणि मोहोर किती गळला ते खरं सांगितलं. खटपट्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्या दिवशी सगळ्यांत जास्त लोकांनी विचारपूस केली. यंदा पेटीत छापील चिठ्ठी घालणार आहे, तिच्यावर क्यूआर. स्कॅन केला की माझ्याच नंबरवर "पेटी मिळाली, फळं अशी निघाली:" एवढं आपोआप लिहून येतं, पुढचं त्यांनी भरायचं. म्हणजे साका निघाला तर फोटो माझ्याकडे येईल, जगाकडे नाही.

काल पहिला मेसेज टाकला. ३६३ पैकी २७१ जणांना पोचला.

खटपट्या | ८ मार्च २०२६, रात्री ८:५०

रागावलो नाही. ते तुडतुडे मी माझ्या लोणचेवाल्यांना दाखवले. २७१ भारी आहे.

कोडगा | ८ मार्च २०२६, रात्री ९:३०

पंच्याऐंशी हजारांचा शिक्का हे वाक्य ऑफिसात भिंतीवर लावतोय. मालक चिडणार.

काकूबाई | ८ मार्च २०२६, रात्री ९:४५

मला दोन पेट्या हव्यात. नंबर द्या.

व्यवस्थापक | ८ मार्च २०२६, रात्री ९:५०

धाग्यात नंबर नको. व्यक्तिगत निरोपात द्यावा.

रायवळ | ८ मार्च २०२६, रात्री १०:०५

काकू, निरोपात पाठवलाय. आधी सेव्ह करा, मग "नमस्कार" लिहा, म्हणजे माझ्याकडून तुम्हाला यादीत घालता येईल.

काकूबाई | ८ मार्च २०२६, रात्री १०:२०

सेव्ह केला. 'रायवळ कोंबडा' म्हणून. चालेल ना?